जिल्हा न्यायाधीश म्हणू नका

२० जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी त्यांनी एका हुकमावर सही केली. आई एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बापाकडेही नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड नसेल, तर अमेरिकेत जन्मलेलं बाळ यापुढे अमेरिकन नागरिक धरलं जाणार नाही, असा तो हुकूम होता. तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या बाळांना तो लागू होणार होता. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून सिॲटलजवळच्या रेडमंडपर्यंत आपली जी तरुण जोडपी आहेत, त्यांतल्या ज्यांच्या घरी मार्चमधली तारीख होती, त्यांना हे समजावून सांगायला वकिलाची गरज पडली नाही.

तिसऱ्याच दिवशी, २३ जानेवारीला, सिॲटलमधल्या एका कोर्टात ८३ वर्षांच्या जॉन कॉगनर नावाच्या न्यायाधीशांनी तो हुकूम तात्पुरता थांबवला. हा हुकूम उघडउघड घटनाबाह्य आहे, चाळीसहून अधिक वर्षं या खुर्चीत बसतोय, पण इतका स्पष्ट प्रश्न समोर आल्याचं आठवत नाही, असं त्यांनी सरकारी वकिलाला भर कोर्टात सुनावलं. या गृहस्थांना नेमलं होतं रोनाल्ड रेगन यांनी, म्हणजे ट्रम्प यांच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी, १९८१ मध्ये.

अशी बातमी मराठीत आली की या न्यायाधीशाचा ‘जिल्हा न्यायाधीश’ होतो. भाषांतर म्हणून ते चूक नाही. त्यांच्या कोर्टाचं नावच ‘डिस्ट्रिक्ट कोर्ट’ आहे. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साताऱ्याचं किंवा अकोल्याचं जिल्हा कोर्ट उभं राहतं आणि मग तो विचारतो, अहो, जिल्हा कोर्टाचा जज राष्ट्राध्यक्षाला अडवतो कसा? नावानं फसवलंय ते इथेच. हा माणूस कोण असतो, तिथवर पोचतो कसा, दिवसभर करतो काय आणि म्हातारपणी त्याचं काय होतं, हे एकदा नीट पाहिलं की तो प्रश्न उरत नाही.

अमेरिकेत न्यायालयांच्या दोन स्वतंत्र उतरंडी आहेत. एक राज्याची, एक संघराज्याची. बहुतेक खून, घटस्फोट, घरभाडं, अपघात हे सगळं राज्याच्या कोर्टात जातं आणि तिथले न्यायाधीश कित्येक राज्यांत चक्क निवडणूक लढवून येतात. पोस्टर लावतात, देणग्या घेतात. संघराज्याची, म्हणजे फेडरल कोर्टं वेगळी. राज्यघटनेचे प्रश्न, संघराज्याच्या कायद्याखालचे गुन्हे, पेटंट, मक्तेदारीचे खटले, केंद्र सरकारवरचे दावे, दोन राज्यांतल्या माणसांमधले ७५ हजार डॉलरच्या वरचे तंटे असं तिथे चालतं. या फेडरल उतरंडीत तळाला ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं आणि त्यांत पावणेसातशेच्या आसपास जागा. त्यांच्यावर १३ अपील कोर्टं. सगळ्यात वर नऊ जणांचं सुप्रीम कोर्ट. तळाच्या या न्यायाधीशाला मी इथे फेडरल ट्रायल जज म्हणेन, कारण साक्षीपुरावा घेणं, खटला प्रत्यक्ष चालवणं हे काम तोच करतो. वरच्या दोन्ही पायऱ्यांवर फक्त कागद वाचतात आणि वकिलांचे युक्तिवाद ऐकतात.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं काही शोधायचं तर मुंबई हायकोर्टाची ‘ओरिजिनल साइड’ आठवावी. तिथे हायकोर्टाचा न्यायमूर्ती एकटा बसून मूळ दावा चालवतो, साक्षीदाराची उलटतपासणी ऐकतो. दर्जा हायकोर्टाचा, काम पहिल्या पायरीचं. फेडरल ट्रायल जज तसा असतो. आणि घटनेचा अर्थ लावायला त्याला वरच्या कोर्टाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

आता तिथे पोचायचं कसं? आपल्याकडे मुलगा एलएलबी होतो, एमपीएससीची परीक्षा देतो, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी होतो, दर तीन-चार वर्षांनी बदल्या झेलत, पोरांच्या शाळा बदलत वर चढतो. अमेरिकेत न्यायाधीशाची अशी ‘नोकरी’च नाही. परीक्षा नाही, प्रशिक्षण संस्था नाही, भरतीचं वय नाही. घटनेत तर किमान वयही लिहिलेलं नाही आणि कायद्याची पदवी हवी असंही नाही, अर्थात आज पदवीशिवाय कुणी नेमलं जात नाही. सरकारी वकील, मोठ्या फर्ममधला वकील, प्राध्यापक, राज्याच्या कोर्टातला जज असा वीस-पंचवीस वर्षांचा एक आख्खा जन्म काढून माणूस पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे या खुर्चीत येतो. म्हणजे दुसरा डाव मांडतो.

खुर्ची रिकामी झाली की त्या राज्याचे दोन सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातले खासदार, कामाला लागतात. नावं सुचवतात, मुलाखती घेतात. व्हाइट हाऊस एक नाव पक्कं करतं. एफबीआयचे लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत चौकशी करून येतात. उमेदवार एक लांबलचक प्रश्नावली भरतो. आजवर काय लिहिलं, कुठे भाषण केलं, कोणते खटले लढवले, घरावर कर्ज किती. मग सिनेटच्या न्यायविषयक समितीकडून त्या दोन सिनेटरांकडे निळ्या रंगाचा एक कागद जातो. ‘ब्लू स्लिप’ म्हणतात त्याला. हा कागद कोणत्याही कायद्यात नाही, शंभरेक वर्षांची नुसती वहिवाट आहे. पण एका सिनेटरनं तो परत पाठवलाच नाही तर नेमणूक तिथेच खुंटते. आपल्याकडे कॉलेजियमच्या बंद दाराबद्दल आपण तक्रार करतो. तिकडे दार उघडं असतं, पण उंबऱ्यात एक सिनेटर उभा असतो. कोणतं बरं, हे ठरवणं मला अजून जमलेलं नाही.

यानंतर समितीपुढे सुनावणी, मग पूर्ण सिनेटचं मतदान. २०१३ पासून साधं बहुमत पुरतं. हे जमलं की राष्ट्राध्यक्षाच्या सहीची सनद येते आणि माणूस शपथ घेतो. ती शपथ मला आवडते. माणूस पाहून न्याय करणार नाही आणि गरिबाला व श्रीमंताला सारखाच हक्क देईन, असं तिच्यात शब्दशः आहे. १७८९ मध्ये पहिल्या काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, पहिली तेरा डिस्ट्रिक्ट कोर्टं काढली, तेव्हाच्या कायद्यातले हे शब्द आहेत.

शपथ झाली की दोन गोष्टी कायमच्या हाती येतात. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार वर्तन चांगलं असेतोवर पद जात नाही, म्हणजे व्यवहारात तहहयात; आणि पगार कधीही कमी करता येत नाही. निवृत्तीचं वय नाही. बदली नाही. गोपनीय अहवाल लिहिणारा साहेब नाही. चीफ जज असतो, पण तो ज्येष्ठतेनं आपोआप होतो, जास्तीत जास्त सात वर्षांसाठी, आणि बाकीच्यांचा वरिष्ठ नसतो. २०२५ मध्ये या पदाचा पगार वर्षाला २,४७,४०० डॉलर होता. आपल्याला आकडा मोठा वाटेल, पण न्यूयॉर्कच्या बड्या फर्ममध्ये कालपरवा कॉलेजातून आलेला वकील सव्वादोन लाख डॉलरवर लागतो. जजसमोर उभा राहून ‘युअर ऑनर’ म्हणणारा भागीदार त्याच्या कित्येक पट कमावत असतो आणि हे दोघांनाही माहीत असतं.

पदावरून काढायचं तर एकच वाट, महाभियोग. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत आठच फेडरल न्यायाधीश असे काढले गेले. त्यांतले फ्लोरिडाचे ॲल्सी हेस्टिंग्ज यांची गोष्ट सांगायलाच हवी: लाचेच्या आरोपातून ज्युरीनं १९८३ मध्ये त्यांना सोडलं, तरी काँग्रेसनं १९८९ मध्ये महाभियोगानं पद काढून घेतलं, आणि १९९२ मध्ये हा माणूस निवडणूक जिंकून त्याच काँग्रेसमध्ये जाऊन बसला. २०२१ मध्ये वारले तेव्हाही ते खासदार होते.

रोजचं काम कसं असतं? सिनेमात दिसतं तसं मुळीच नाही. सिनेमात ज्युरी असते, भावनेनं थरथरणारा वकील असतो. आपल्याकडे ज्युरी म्हटलं की लोकांना अजून नानावटी खटला आठवतो, १९५९ चा. अमेरिकेत ज्युरी जिवंत आहे, बारा सामान्य माणसं अजून एकमतानं गुन्हेगार ठरवतात, पण तो प्रसंग दुर्मीळ झालाय. फेडरल कोर्टातल्या शंभर आरोपींमधले नव्वदच्या आसपास गुन्हा कबूल करतात आणि खटल्यापर्यंत पोचणारे दोन-तीन. दिवाणी दाव्यांतही बहुतेक तडजोडीत नाहीतर अर्जावरच संपतात. त्यामुळे जजचा बराच वेळ आपल्या चेंबरमध्ये, दोन-तीन लॉ क्लर्कांच्या संगतीत अर्ज वाचण्यात आणि निकाल लिहिण्यात जातो. हे लॉ क्लर्क म्हणजे कारकून नव्हेत. चांगल्या लॉ स्कूलमधून नुकती पास झालेली हुशार पोरं, वर्ष-दोन वर्षांसाठी आलेली. संदर्भ काढायचे, मसुदे करायचे, जजशी वाद घालायचा, आणि जजनं ऐकलं नाही तर गप्प बसायचं.

साहेब नाही म्हटलं खरं, पण एक चाबूक आहे. १९९० च्या एका कायद्यानं ठरवलं की सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ ज्याच्याकडे अर्ज पडून आहेत, त्या प्रत्येक जजचं नाव आणि त्या अर्जांची यादी वर्षातून दोनदा जाहीर करायची. ३१ मार्च आणि ३० सप्टेंबर. शिक्षा काही नाही, फक्त यादीत नाव. पण या दोन तारखांच्या आधी साचलेले निकाल भराभर बाहेर पडतात आणि त्या दिवसांत लॉ क्लर्कांना घरी जेवायला मिळणं अवघड होतं. ‘तारीख पे तारीख’वर आपल्याकडे इतकं बोललं जातं, त्यात हा बिनखर्चाचा उपाय कुणी गंभीरपणे उचललेला दिसत नाही.

कोर्टात आलेलं प्रकरण कोणाकडे जायचं हे सोडतीनं ठरतं. अमूक जज हवा म्हणून चालत नाही. गुगलवरचा सर्चच्या मक्तेदारीचा खटला वॉशिंग्टनमध्ये अमित मेहता यांच्याकडे गेला. जन्म गुजरातेतल्या पाटणचा. २०२३ च्या शरदात दहा आठवडे त्यांनी साक्षी ऐकल्या, ज्युरीशिवाय, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये एकट्यानं ठरवलं की गुगलनं बेकायदा मक्तेदारी राखली. जगातल्या सर्वांत बलाढ्य कंपन्यांपैकी एक, आणि समोर एक माणूस व त्याचे तीन-चार सहायक.

पण असे खटले आयुष्यात एखाददुसरे. सोमवारी सकाळी समोर येतो तो गुन्हा कबूल करायला आलेला आरोपी. कबुली घेताना जजला स्वतः त्याच्याशी बोलावं लागतं, नियमच आहे. दृश्य साधारण असं. आरोपी केशरी नाहीतर खाकी कपड्यांत, बाजूला वकील. लागलं तर दुभाषा. जज विचारतो, शिक्षण कितवीपर्यंत? लिहिता-वाचता येतं? गेल्या चोवीस तासांत कोणतं औषध, दारू, काही घेतलंय? डोकं ठिकाणावर आहे ना आत्ता? ज्युरीपुढे खटला चालवायचा तुझा हक्क आहे, तो तू सोडतोयस, कळतंय? कुणी धमकी दिली का? कुणी काही कबूल केलं का, या कागदावर लिहिलंय त्यापलीकडे? आणि शेवटी, तू नेमकं काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांग. वीस-पंचवीस मिनिटं. प्रत्येक प्रश्नाला ‘येस, युअर ऑनर’. वर्षानुवर्षं हेच प्रश्न, हाच क्रम. आवाजात यांत्रिकपणा येऊ न देणं हीच कसोटी, कारण समोरचा माणूस हे आयुष्यात एकदाच ऐकत असतो.

मग काही आठवड्यांनी शिक्षा. निवृत्त झालेल्या कोणत्याही फेडरल जजला सगळ्यात अवघड काय होतं असं विचारा, बहुतेक जण शिक्षा सुनावणं हेच सांगतील. पूर्वी यात जजला जवळजवळ मोकळं रान होतं. एकाच गुन्ह्याला एक जज प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी नुसती देखरेख, द्यायचा, बाजूच्या दालनातला दहा वर्षं. हा गोंधळ निस्तरायला १९८७ पासून एक कोष्टक आलं. उभ्या बाजूला गुन्ह्याच्या गंभीरतेचे ४३ स्तर, आडव्या बाजूला जुन्या गुन्ह्यांचे सहा वर्ग. दोन्ही बोटं सरकवत आणायची, जिथे भेटतील त्या चौकोनात महिने लिहिलेले. आणि त्याच सुमारास फेडरल पॅरोल, म्हणजे शिक्षा पुरी होण्याआधी सुटण्याची सोय, बंद झाला. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं बुकर खटल्यात हे कोष्टक सक्तीचं न ठेवता सल्ल्यापुरतं केलं. पण काही गुन्ह्यांना काँग्रेसनं किमान शिक्षा ठरवून दिली आहे, तिथे जजचे हात बांधलेले.

किती बांधलेले, ते युटामधल्या एका प्रकरणात दिसलं. वेल्डन अँजेलॉस, वय चोवीस-पंचवीस, संगीताच्या धंद्यातला, तुरुंगात कधी न गेलेला. त्यानं पोलिसांच्या खबऱ्याला तीनदा गांजा विकला, दरवेळी काही औंस. जवळ पिस्तूल असल्याचा आरोप, वापरल्याचा नाही. कायदा असा की अमली पदार्थ विकताना जवळ बंदूक असेल तर पहिल्यांदा पाच वर्षं, आणि पुढच्या प्रत्येक आरोपाला पंचवीस, एकापुढे एक जोडून. पाच, अधिक पंचवीस, अधिक पंचवीस. पंचावन्न. नोव्हेंबर २००४ मध्ये जज पॉल कॅसल यांनी ती शिक्षा दिली. हे कॅसल कुणी मवाळ गृहस्थ नव्हेत. कडक विचारांचे प्राध्यापक म्हणून ओळख, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेले. त्याच दिवशी त्यांनी आणखी एका माणसाला शिक्षा सुनावली होती. त्यानं एका वृद्धेला लाकडाच्या ओंडक्यानं मारून ठार केलं होतं. त्याला कोष्टकानं बावीस वर्षं.

कॅसल यांनी निकालातच लिहिलं की ही शिक्षा अन्याय्य, क्रूर, इतकंच काय विवेकाला सोडून आहे, पण कायदा मला दुसरी वाट ठेवत नाही. आणि राष्ट्राध्यक्षांना विनंती केली की तुम्ही दया दाखवा. २००७ मध्ये त्यांनी तहहयात खुर्ची सोडली आणि परत शिकवायला गेले. अँजेलॉस २०१६ मध्ये सुटला, २०२० मध्ये त्याला माफी मिळाली. मधल्या काळात २०१८ च्या कायद्यानं एकाच खटल्यात पंचविसाच्या अशा चळती लावणं बंद केलं.

या पदाची दुसरी बाजू बघायची तर अलाबामात जावं लागतं, फ्रँक जॉन्सन यांच्याकडे. माझ्या मते या खुर्चीत बसलेला याच्याइतका मोठा माणूस विरळाच, आणि तो मोठा झाला तो वरच्या कोर्टात गेल्यामुळे नव्हे.

जन्म १९१८, उत्तर अलाबामातल्या विन्स्टन काउंटीचा. यादवी युद्धात आजूबाजूचा सगळा मुलूख गुलामगिरीच्या बाजूनं लढत असताना या डोंगराळ काउंटीनं संघराज्याची बाजू घेतली होती; म्हणजे प्रवाहाविरुद्ध उभं राहण्याची तिथे परंपराच. जॉन्सन दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत जखमी झाले. लॉ स्कूलमध्ये त्यांच्याबरोबर जॉर्ज वॉलेस होता, जो पुढे वंशभेदाचा झेंडा घेऊन अलाबामाचा गव्हर्नर झाला. आयझेनहॉवरनी १९५५ मध्ये जॉन्सन यांना मॉन्टगोमेरीच्या फेडरल कोर्टात नेमलं. वय ३७. खुर्चीत बसून महिनाही झाला नव्हता तोच, १ डिसेंबरला, त्याच शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला.

बसमधल्या काळ्या-गोऱ्यांच्या विभागणीला घटनेच्या आधारे आव्हान देणारा खटला लगेच त्यांच्याकडे आला. तो रोझा पार्क्स यांच्या नावाचा नव्हता; दावा लावणाऱ्या चार जणींत क्लॉडेट कोल्विन होती, पार्क्सच्या नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी याच कारणासाठी अटक झालेली शाळकरी मुलगी. अशा खटल्याला तेव्हा तीन जजांचं पीठ बसे. साक्षी संपल्यावर तिघे आत गेले. रिवाज असा की सगळ्यात नव्यानं आधी मत द्यायचं, म्हणजे ज्येष्ठांचं दडपण येत नाही. जॉन्सन म्हणाले, ही विभागणी घटनेत बसत नाही. ज्येष्ठ रिव्ह्ज सहमत झाले, तिसरे लिन विरुद्ध गेले. चर्चा दहाएक मिनिटांत आटोपली म्हणतात. ५ जून १९५६ ला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायम केला आणि बसवर बहिष्कार टाकून ३८१ दिवस पायी चालणारं मॉन्टगोमेरी पुन्हा बसमध्ये चढलं.

त्याची किंमत घराला मोजावी लागली. अंगणात कु क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीनं क्रॉस जाळला. धमक्यांची पत्रं, फोन. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, बहुधा बापाचं नाव तेच असल्यानं घराचा घोटाळा होऊन. आई घरात होती, वाचली. गोऱ्या समाजात या कुटुंबाशी बोलणारे कमी झाले. आणि इथेच त्या तहहयात पदाचा आणि न कापता येणाऱ्या पगाराचा अर्थ कळतो. निवडणूक लढवून आलेला जज असता तर पुढच्या निवडणुकीत घरी गेला असता. बदलीची नोकरी असती तर आडगावी गेला असता. जॉन्सन सकाळी उठून त्याच इमारतीत, त्याच खुर्चीत जात राहिले.

मार्च १९६५ मधला सेल्माचा प्रसंग तर वकिली करणाऱ्या प्रत्येकानं वाचावा. काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी अलाबामातल्या सेल्माहून मॉन्टगोमेरीला निघालेल्या मोर्चेकऱ्यांना ७ तारखेला पुलावर पोलिसांनी झोडपलं, काहींनी घोड्यावरून. मार्टिन ल्यूथर किंग परत मोर्चा काढणार होते, तर जॉन्सन यांनी आधी त्यांनाच थांबवलं: सुनावणी होईपर्यंत चालायचं नाही. चळवळीतल्या लोकांना ते लागलं. मग चार-पाच दिवस साक्षी झाल्या, मारहाणीची फिल्म कोर्टात लावली गेली, आणि १७ तारखेला निकाल आला. युक्तिवाद साधा होता. हमरस्त्यावर मोर्चा किती मोठा काढू द्यायचा, हे ज्या अन्यायाविरुद्ध तो निघतोय तो किती मोठा आहे यावर ठरेल. इथे अन्याय प्रचंड आहे, म्हणून हक्कही तसाच. पण याच हुकमात एक बारीक अटही आहे: रस्ता जिथे दोनच पदरी आहे तिथे तीनशेच माणसं चालतील. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. घटनेचं मोठं तत्त्व आणि वाहतुकीची अडचण एकाच कागदावर. वरच्या कोर्टांना पहिलं सुचतं, दुसरं ट्रायल जजलाच सुचतं. २५ मार्चला मोर्चा मॉन्टगोमेरीत पोचला.

पुढेही त्यांच्याच हुकमांनी अलाबामाच्या मनोरुग्णालयांत आणि तुरुंगांत किमान सोयी काय असाव्यात हे ठरवून दिलं. यावर टीकाही झाली की जज राज्य चालवायला निघाला. ती टीका सगळीच फोल नव्हती. एका न निवडलेल्या माणसानं तुरुंगाच्या कोठडीचं क्षेत्रफळ ठरवावं का, हा प्रश्न आजही आहे, आणि २७ जून २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी असंच काहीसं सांगितलं: एका ट्रायल जजनं सरसकट सगळ्या देशासाठी मनाई हुकूम काढू नये, समोर आलेल्या पक्षकारांपुरता काढावा. सिॲटलचा हुकूम ज्या भांडणात निघाला होता तेच हे भांडण. पण वकील गप्प बसणारे नव्हते. दोनच आठवड्यांत न्यू हॅम्पशरच्या दुसऱ्या एका ट्रायल जजनं अशा सगळ्या बाळांना एक गट मानून, म्हणजे सगळ्यांनाच पक्षकार करून, ट्रम्प यांचा हुकूम पुन्हा रोखला.

धोका जॉन्सन यांच्याबरोबर संपला नाही. जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीच्या जज एस्थर सालास यांच्या घराची बेल पार्सलवाल्याच्या वेषातल्या एका माणसानं वाजवली. दार उघडायला आलेला त्यांचा वीस वर्षांचा एकुलता मुलगा डॅनियल गोळीनं ठार झाला, नवरा गंभीर जखमी. मारेकरी त्यांच्यासमोर कधीकाळी आलेला एक वकील होता. २०२२ मध्ये जजांचे पत्ते इंटरनेटवरून काढायची सोय करणारा कायदा डॅनियलच्या नावानं झाला. तरी २०२५ मध्ये अनेक जजांच्या घरी न मागवलेले पिझ्झे येऊ लागले, मागवणाऱ्याचं नाव ‘डॅनियल’. म्हणजे तुम्ही राहता कुठे ते आम्हाला ठाऊक आहे. कॉगनर यांच्या घरी तर कुणीतरी खोटा फोन करून हत्यारबंद पोलीस पाठवले.

बढतीचं म्हणाल तर ती जवळपास नाहीच. काही जण अपील कोर्टात जातात. जॉन्सनही १९७९ मध्ये गेले. पण बहुतेक जण जिथे शपथ घेतली तिथेच राहतात. आजच्या सुप्रीम कोर्टातल्या नऊ जणांत ट्रायल जजची खुर्ची भोगलेल्या दोघीच, सोनिया सोटोमायोर आणि केतांजी ब्राउन जॅक्सन. ६५ वर्षांचं वय आणि १५ वर्षांची सेवा झाली की जज ‘सीनियर’ होऊ शकतो. पगार तोच, काम हवं तेवढं, आणि जागा नव्या नेमणुकीला मोकळी. साहजिकच कोणता राष्ट्राध्यक्ष असताना जागा मोकळी करायची, याचा हिशेब पुष्कळ जण मनात करतात, कबूल कुणी करत नाही. सीनियर झालेले बहुतेक घरी बसत नाहीत. कॉगनर सीनियरच होते. ब्रुकलिनचे जॅक वाइनस्टीन ९८ व्या वर्षापर्यंत काम करत होते. शिक्षा सुनावताना ते उंच आसनावरून उतरून खाली टेबलाशी आरोपी आणि त्याच्या घरच्यांसोबत बसायचे, बरेचदा झगा न घालता.

आणि कॅन्ससमधल्या विचिटाचे वेस्ली ब्राउन. केनेडींनी १९६२ मध्ये नेमलेले. शंभरी उलटली तरी कोर्टात येत, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. फौजदारी कामाची यादी छोटी केली होती, एवढंच. लांबणारा खटला आला की वकिलांना आधीच बजावून ठेवत: हा संपेपर्यंत मी असेनच असं नाही, तेव्हा तुमचं तुम्ही बघा. जानेवारी २०१२ मध्ये ते गेले, वय १०४, तोवर त्यांच्या नावावर खटले चालू होते.